वाजवणाऱ्याची खुर्ची

आपल्याकडे संगीताचा इतिहास लिहिला जातो तेव्हा गाणाऱ्याचे नाव येते, घराणे येते, गुरूचे नाव येते. तबलजी-पखवाज्यांचीही घराणी सांगितली जातात. पण डफडे, हलगी, ताशा, संबळ वाजवणाऱ्याचे नाव येत नाही. त्याची जात तेवढी येते. 'हे वाद्य मांग, महार वगैरे लोक वाजवतात' असे एक वाक्य लिहिले की अभ्यासकाचे काम संपते. तो माणूस कोणाकडून शिकला, त्याला काय मिळाले, त्याचे कान केव्हा गेले, म्हातारपणी त्याने काय खाल्ले, हे प्रश्न त्या 'वगैरे'मध्ये बुडून जातात. हे प्रश्न मला विचारायचे आहेत, आणि ते सटाण्यात बसून विचारायचे आहेत. कारण मी इथे तीस वर्षे शाळामास्तरकी केली आणि माझ्या वर्गात बसलेल्या मुलांच्या बापांनी या तालुक्यातली निम्मी लग्ने वाजवली आहेत.

बागलाणात लग्न म्हणजे बँड. तुळशीचे लग्न लागले की आरमच्या काठापासून मोसम खोऱ्यापर्यंत सुपाऱ्या फुटू लागतात आणि ज्येष्ठ सरेपर्यंत बँडवाल्याला दाढी करायला सवड नसते. हळदीची रात्र, देवदर्शन, नवरदेवाची मिरवणूक, वरात. मधे देवमामलेदारांची यात्रा आली तर रथापुढेही वाजवायचे. लोकांच्या लक्षात राहतो तो ट्रंपेटवाला किंवा क्लॅरिनेटवाला, कारण गाणे त्याच्या तोंडून निघते. पण नाचणाऱ्याचे पाय हलतात ते मागच्या रांगेमुळे. या मागच्या रांगेचीही उतरंड आहे. दहा-बारा वर्षांचा पोरगा आधी खुळखुळा हलवतो. मनगट तयार झाले की त्याच्या हाती झांज येते. अंगात बळ आले की गळ्यात मोठा ढोल अडकवतात. आणि ज्याच्या दोन्ही हातांत खरोखरी काही आहे त्यालाच साइड ड्रम मिळतो. ही सगळी पायरीपायरीची शाळा आहे. फक्त तिला परीक्षा नाही, दाखला नाही आणि वरचा वर्ग नाही. सुरवाला पुढेमागे 'मास्तर' होऊ शकतो, चार पैसे गाठीला असतील तर स्वतःचा बँड काढू शकतो. तालवाला साइड ड्रमपर्यंत येतो आणि तिथेच म्हातारा होतो.

पैशाची रीत आणखी सांगण्यासारखी आहे. पावसाळ्यात सुपारी नसते. तेव्हा वाजवणारा कांद्याच्या लागणीला जातो, द्राक्षाच्या बागेत जातो, नाहीतर मालकाकडून उचल घेतो. ही उचल सीझनभर फिटत राहते, आणि सीझन संपला की पुढच्या पावसाची उचल उभी राहते. म्हणजे आधी पैसे घेऊन नंतर वाजवायचे. दुसऱ्या बँडने जास्त देऊ केले तरी जाता येत नाही. ऊसतोडीच्या कोयत्याला जो नियम तोच काडीला. ज्याला आपण गावगाड्याची वेठ म्हणत होतो ती गावातून निघाली आणि उचलीच्या रूपाने बाजारात येऊन बसली, असे मला वाटते.

आता गावगाड्याकडे वळतो. माझे आजोबा डफडे वाजवीत. गावदेवीच्या भंडाऱ्याला, पोळ्याच्या मिरवणुकीत बैलांपुढे, पाटलाच्या घरच्या लग्नाला आणि मयतालाही. सांगितले की जायचे. 'डफडं कोन वाजाडी?' असा प्रश्न गावात कोणी विचारत नसे, कारण उत्तर जन्माआधी ठरलेले होते. लग्नात सगळ्यांच्या पंगती उठल्यावर उरलेले वाढून मिळे, सुगीला खळ्यावर धान्य मिळे. ज्या देवळापुढे त्यांनी चाळीस वर्षे वाजवले त्या देवळाच्या पायरीला त्यांचा पाय लागला नाही. कातडे चालत होते, आवाज चालत होता, माणूस चालत नव्हता. कातड्याचा आवाज गाभाऱ्यात जाऊन देवाच्या कानावर पडे, त्याने देव बाटत नसे! या तर्कशास्त्राला उत्तर देण्याचे काम ज्यांनी केले त्यांनी ते आमच्याच जिल्ह्यात केले. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली.

त्याच्याही आधी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले होते. मुद्दा साधा होता. जमिनीच्या तुकड्यासाठी आणि बलुत्यासाठी अख्ख्या जातीला अहोरात्र गावाला बांधून ठेवणे ही नोकरी नव्हे, गुलामी आहे. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने जाण्याला १९५८ उजाडावे लागले. पण त्याच्या दोन वर्षे आधी धम्मदीक्षा झाली होती आणि गावोगाव बौद्धांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले तसे डफडेही सोडले. आमच्या घरात डफड्याचे कडे खुंटीला राहिले आणि कातडे उंदरांनी खाल्ले. सोडणे फुकट नव्हते. वाजवणार नाही म्हटल्यावर मजुरी बंद, दळण बंद, वाट बंद, हे महाराष्ट्रात किती गावांत झाले त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, नाहीतर आपलीच पोरे चुकीचा धडा शिकतात. सोडली ती वेठ; वाद्य सोडले असे नाही. त्याच काळात ढोलकी, डिमडी, तुणतुणे आंबेडकरी जलशात आले. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३०च्या दशकात गावोगाव चळवळ पोहोचवली. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक उभे राहिले आणि त्यांच्यामागे ढोलकी वाजवणारे किती हात उभे राहिले याला गणती नाही. तेच कातडे, तीच बोटे. फरक एवढाच की बोलावणे पाटलाचे नव्हते, आणि वाजवणारा नको म्हणू शकत होता. वाद्याला जात नसते, बोलावण्याला असते.

पण या वाक्यावर समाधान मानून थांबता येत नाही. कारण आम्ही बौद्धांनी डफडे टाकले तेव्हा गावाची गरज संपली नाही. ती मातंग वस्तीकडे वळली. आज बँडच्या मागच्या रांगेत उभा असलेला माणूस बहुधा मातंग आहे. त्याला आमच्यातला शिकलेला माणूस सहज सांगतो, 'टाक ते, लाज वाटली पाहिजे.' हे सांगणाऱ्याच्या हाती पगार असतो. ऐकणाऱ्याच्या हाती फक्त काड्या असतात. माझ्या वर्गात दरवर्षी फॉर्म भरताना वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात दोन-तीन मुले 'मजुरी' लिहीत. त्यांचे बाप तालुक्यात नावाजलेले साइड ड्रमवाले होते हे मला ठाऊक असे. बापाचे कसब लपवावे लागते अशी लाज त्या पोराला कोणी दिली? निम्मी गावाने दिली. उरलेली निम्मी आपण दिली, हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

म्हणून मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहायला सांगतो, जिथे हेच काम करणाऱ्याला खुर्ची आहे. युरोप-अमेरिकेच्या सिम्फनी वाद्यवृंदात नोकरीलाच 'खुर्ची' म्हणतात. अमक्या वाद्याची पहिली खुर्ची रिकामी झाली, असे बोलतात. आपल्याकडे मुंबईत २००६ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन केला. त्यातले बरेच वादक परदेशातून येतात. अशा वाद्यवृंदात सगळ्यात मागे उंचावर तालवाद्ये असतात. त्यांत टिंपनी म्हणजे तांब्याचे मोठे नगारे, आणि त्यांचा वादक वेगळा मानाचा. बाकी ड्रम, झांज, त्रिकोण हे इतरांकडे. टिंपनीवाला वाजवता वाजवता कान कातड्याजवळ नेऊन सूर जुळवतो. आमचा हलगीवाला जाळावर हलगी शेकून बोटाच्या पेराने टकटक करून पाहतो. दोघे एकच काम करीत आहेत. द्वोर्झाक नावाच्या संगीतकाराच्या १८९३ सालच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत झांजेचा ठोका अख्ख्या रचनेत एकदाच येतो. त्या एका ठोक्यासाठी वादकाला बसवतात, कारण मजुरी ठोक्यावर मोजत नाहीत, कसबावर आणि हजेरीवर मोजतात. सहा तास वरातीत चालत वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या बापाला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, 'सर, तो ठोका चुकला तर?' कसबी माणसाचा प्रश्न असा असतो.

आता गंमत अशी की हे नगारे युरोपचे नव्हेतच. ते पूर्वेकडून गेले. अरबी 'नक्कारा' आपल्याकडे नगारा झाला, तिकडे वेगळ्या नावाने राहिला. मोठा ड्रम, झांज आणि त्रिकोण तुर्की जानिसारांच्या लष्करी वाद्यमेळातून तिकडे पोहोचले. मोत्सार्टच्या १७८२ च्या एका ऑपेऱ्यात ते ऐकू येतात आणि बेटहोव्हेनच्या १८२४ च्या नवव्या सिम्फनीतही. म्हणजे कातड्यावर काडी मारण्याची कला हीन आहे असे तिकडे कोणी जन्मतः ठरवले नव्हते काय? ठरवले होते. जर्मन मुलखात ढोरांची कातडी सोलणारे, फाशी देणारे आणि गावोगाव हिंडून वाजवणारे हे 'बेअब्रू' मानले जात. त्यांच्या मुलांना कारागिरांच्या संघात प्रवेश नसे. हे वर्णन वाचताना आपल्या गावचाच नकाशा डोळ्यांपुढे येतो. पण १६२३ साली सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने दरबारी तुतारीवाले आणि नगारावाले यांच्या संघाला सनद दिली. उमेदवारी किती, कोणी शिकवायचे, कोणी वाजवायचे, याचे नियम झाले आणि ते लोक वर उचलले गेले. ती सनद राजेशाहीच्या मिरवणुकीसाठी होती. संघाबाहेरचा भटका वाजंत्री खालीच राहिला. तिचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की वाजवणाऱ्याची अब्रू त्याच्या वाद्यातून येत नाही. लेखी अटीतून येते.

आणि लेखी अट असूनही काय होते तेही पाहा. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत पडद्याआडून परीक्षा घेण्याची रीत १९५० नंतर सुरू झाली आणि १९७०च्या दशकात पसरली. उमेदवार पडद्यामागे बसतो; परीक्षकाला आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. स्त्री की पुरुष, गोरा की काळा, कळत नाही. १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली एलेन जोन्स ही काळी टिंपनीवादक. आईबाप बार्बाडोसहून आलेले. जुलिअर्डमध्ये शिकलेली. १९६९ साली न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकवर दोन काळ्या वादकांनी भेदभावाची तक्रार केली, तेव्हा त्या चौकशीत तिने साक्ष दिली होती. १९७२ साली सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीने तिला टिंपनीच्या मुख्य जागेवर घेतले. एवढ्या मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदात मुख्य जागेवर बसलेली ती पहिली काळी वादक. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहत होती.

पडदा उठल्यावर काय झाले? १९७४ साली कायम करण्याची वेळ आली, तेव्हा वादकांच्याच समितीने तिच्या विरुद्ध मत दिले. तिच्याबरोबर एका जपानी बासूनवादकालाही नाकारले. प्रमुख संचालक सेजी ओझावा याने तिला निवडले होते, श्रोते तिच्या बाजूने होते, निदर्शने झाली. तरी समिती हलली नाही. ती न्यायालयात गेली. निकाल तिच्या बाजूने लागला नाही. पुढे तिने १९९८ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्याच ऑपेरा वाद्यवृंदात वाजवले, २०१९ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि २०२२ साली चौऱ्याण्णव वर्षांची होऊन ती गेली. तिला खुर्चीवर बसवणारे आणि तिची खुर्ची काढून घेणारे एकाच संस्थेत होते. आपल्याकडे राखीव जागेवर लागलेल्या प्राध्यापकाला, कारकुनाला 'कायम' करताना काय होते ते माझ्या वाचकांना मी सांगायला नको. तरीही तिची कहाणी मी पुन्हा पुन्हा सांगतो ती तिच्या हातातल्या कागदामुळे. नाकारले गेले ते नोंदले गेले. ती भांडू शकली, कारण तिची नेमणूक कागदावर होती. आमच्या साइड ड्रमवाल्याला काढले तर त्याने कशावर बोट ठेवायचे?

इकडे मात्र ढोलाला चांगले दिवस आले आहेत असे सर्व जण म्हणतात. 'नाशिक ढोल' या नावाचे पथक केरळातल्या लग्नातही वाजते. पुण्या-नाशिकच्या गणपतीत शिकल्यासवरल्या घरची मुले-मुली पांढरे कपडे घालून, फेटे बांधून ढोल वाजवतात, आणि वर्तमानपत्रे त्याला संस्कृती म्हणतात. मुली वाजवतात याचा मला मनापासून आनंद आहे. कोणीही वाजवावे, जन्मावर काही असू नये, हीच तर आपली मागणी. पण पथकातला मुलगा हौस म्हणून वाजवतो आणि त्याच रस्त्यावर मागून येणारा वाजंत्री पोटासाठी वाजवतो. पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याला 'ए, जोरात वाजव' असे ऐकावे लागते. हात बदलले की वाद्याची अब्रू बदलते. वाद्याचा मान वाढल्याने त्याच्या जुन्या धन्याच्या घरात काय आले? सिनेमातही तेच. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलीवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला, आणि महाराष्ट्र नाचला तो वरातीच्या ठेक्यावर. दोन्ही आवाज एका चित्रपटात सुखाने नांदले. त्यातल्या पहिल्या वादकाची मजुरी कराराने ठरते. वरातीत तोच ठेका रोज वाजवणाऱ्याची ठरत नाही, आणि तो चालू होताच नवरदेवाचे मित्र त्याच्या तोंडात नोट कोंबतात.

तमिळनाडूत या प्रश्नाचे उत्तर आपल्यापेक्षा धीटपणे शोधले गेले. तिथल्या 'परै' या चामड्याच्या वाद्यावरून 'परैयर' हे जातीचे नाव आले आणि इंग्रजांनी त्याचा 'परिहा' केला. जगभरच्या शब्दकोशांत बहिष्कृताला आज तो शब्द आहे. तिथेही दोन पक्ष झाले. एक म्हणाला, मयताला परै वाजवणे बंद. दुसरा म्हणाला, मयताला बंद, पण व्यासपीठावर चालू. स्त्रियांनी वाजवावे, विद्यापीठात वाजवावे. २०२५ साली परैवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली. आणि गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० च्या 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांची नावे लिहिली. ज्यांनी कातडे कमावले आणि चढवले त्यांची नावे मोठमोठ्या वादकांच्या चरित्रांत नव्हती. पुरस्काराने पोट भरत नाही हे खरे. पण नाव लिहिले जाणे ही पहिली पायरी आहे.

कानांविषयी एक शब्द. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास राहिले तर कान कायमचा बिघडू शकतो, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो, असा हिशेब ध्वनितज्ज्ञ धरतात. २०१८ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसविरुद्ध एका व्हायोलावादकाने कान गेल्याबद्दलचा दावा जिंकला; ब्रासच्या पुढे बसवल्याने त्याचे श्रवण बिघडले होते. आमच्या गाडीवर चार-चार भोंगे, मागे जनरेटर, आणि त्यांच्या तोंडाशी साइड ड्रमवाला. आता तर ऑक्टोपॅड आला. चार माणसांचे काम एक करतो, उरलेले तिघे कांद्याला जातात. आणि डीजे आला तिथे तोही एक लागत नाही. पन्नाशीला आलेला वाजवणारा समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलतो. दवाखान्यात त्याला 'वयोमान' म्हणून परत पाठवतात.

म्हातारपणासाठी सरकारची एक योजना आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि मानधन सरसकट महिना पाच हजार रुपये झाले. हलगीवाला, संबळवाला, बँडवाला यांना अर्ज करायला आडकाठी नाही. अडते ते पुराव्यावर. कार्यक्रमांची पत्रके, वर्तमानपत्रांतली कात्रणे, प्रमाणपत्रे आणा म्हणतात. कीर्तनकाराकडे ती असतात, नाटकवाल्याकडे असतात. तीस वर्षे तीन हजार लग्ने वाजवलेल्या माणसाकडे काय असणार? लग्नपत्रिकेवर आचाऱ्याचे नाव एखादे वेळी येते, बँडच्या मालकाचे येते; वाजवणाऱ्याचे कधीच येत नाही.

गेली दोन वर्षे आम्ही चार निवृत्त शिक्षक सटाण्यात रविवारी बसून हे अर्ज भरतो. पुरावा म्हणून आम्हाला सापडल्या त्या बँडमालकांच्या सुपारीच्या वह्या. तारीख, गाव, नवरदेवाचे आडनाव, इसार, बाकी, आणि खाली मजुरी वाटल्याचा हिशेब. त्या हिशेबात मास्तराचे नाव असते. बाकीच्यांच्या पुढे 'साइड', 'ढोल', 'झांज', 'खुळखुळा' असे लिहून रक्कम टाकलेली असते. आम्ही आता मालकांकडे जाऊन म्हाताऱ्यांना शेजारी बसवतो, एकेक पान उलटतो, आणि 'साइड'च्या पुढे त्या दिवशी कोण होता ते विचारून पेनाने लिहून घेतो, खाली मालकाची सही घेतो. जुन्यातली जुनी वही सापडली ती १९८७ च्या सीझनची. तिची निम्मी पाने झाली आहेत.